हरणं न मोजता हरणांचा हिशेब

अमेरिकेत मॅडिसनला आलो त्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार होता. दुपारी दूध आणायला पेट्रोल पंपावरच्या दुकानात गेलो, तर रांगेतला जवळजवळ प्रत्येक माणूस झगझगीत नारिंगी. जाकीट नारिंगी, टोपी नारिंगी. क्षणभर वाटलं, कसली तरी मिरवणूक निघणार आहे. बाहेर एका पिकअपच्या हौद्यात मान टाकून पडलेलं हरीण दिसलं, तेव्हा उलगडा झाला. विस्कॉन्सिन राज्यातल्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामाचा तो पहिला दिवस होता.

रात्री फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "सरकारच मारायला परवानगी देतं? आणि संपली म्हणजे रे?"

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "संपत नाहीत. मोजतात ते."

"कशी मोजतात? जंगलातली हरणं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे काही वर्षं या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, शिकारी शेजाऱ्यांशी बोलत गेलो, तेव्हा लक्षात आलं की आईचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त अवघड होता. कारण खरं सांगायचं तर इथे हरणं कोणी मोजत नाही. मेलेल्या हरणांवरून जिवंत हरणांचा हिशेब लावतात.

हरीण कोणाच्या मालकीचं?

हे हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. दचकलं की शेपूट निशाणासारखं वर करतं आणि खालचा पांढरा भाग चमकतो, म्हणून हे नाव. आपल्याकडचे निसर्ग अभ्यासक हरणांचे दोन गट करतात, सारंग आणि कुरंग. काळवीट, चिंकारा हे कुरंग, त्यांची शिंगं जन्मभर टिकतात. चितळ, सांबर हे सारंग, त्यांच्या नरांची शिंगं गळतात आणि पुन्हा उगवतात. पांढऱ्या शेपटीचं हरीण सारंगांपैकी. ही शिंगांची गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

१९०० च्या सुमारास सबंध अमेरिकेत ही हरणं पाच लाखांच्या आत उरली होती, असा अंदाज आहे. रेल्वे आली, बंदुका स्वस्त झाल्या आणि शहरांतल्या बाजारांत हरणाचं मांस डब्यांनी जाऊ लागलं, त्याचा हा परिणाम. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. मधल्या काळात काय झालं?

दोन कायदे झाले. १९०० च्या लेसी कायद्यानं एका राज्यात बेकायदा मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं हा केंद्रीय गुन्हा ठरवला, आणि बाजारासाठी होणाऱ्या शिकारीचा कणाच मोडला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं पैशाची सोय लावली. रायफली, काडतुसं यांच्यावर ११ टक्के कर असतो, पिस्तुलावर १०. हा पैसा केंद्राच्या तिजोरीत मुरत नाही, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना वाटला जातो. वाटपात राज्याचा आकार बघतात आणि परवानाधारक शिकारी किती हेही बघतात. राज्यानं एक डॉलर घातला की केंद्राकडून तीन येतात. शिवाय परवान्यांची फी आहेच, विस्कॉन्सिनच्या रहिवाशाला बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा परवाना २४ डॉलरला पडतो.

कायद्याच्या नजरेत जंगली हरीण कोणाच्याच खासगी मालकीचं नाही. तुमच्या शेतात चरत असलं तरी ते तुमचं नाही. ते जनतेचं, आणि जनतेच्या वतीनं राज्य त्याचं विश्वस्त. म्हणून दिल्लीसारखं वॉशिंग्टनमधून हरणांचं धोरण ठरत नाही, पन्नास राज्यांची पन्नास खाती आपापलं बघतात. विस्कॉन्सिनमध्ये हे काम नैसर्गिक संसाधन खात्याकडे आहे, लोक त्याला नुसतं डीएनआर म्हणतात. आणि खातं शिकाऱ्याच्या पैशावर चालतं म्हटल्यावर शिकाऱ्याचा आवाजही मोठा असतो. नुकताच नोकरीला लागलेला जीवशास्त्रज्ञ ही गोष्ट पहिल्या जनसभेत शिकतो.

दाढ बघून वय, वयावरून कळप

महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्रगणना करतात, ती तुमच्यापैकी कोणी केलीही असेल. वैशाखात पाणी चार ठिकाणीच उरतं, सगळ्यांना तिथे यावंच लागतं, वर चांदणं. विस्कॉन्सिनमध्ये पंधरा हजारांहून जास्त तळी आहेत. मचाण बांधणार कुठे? विमानातून, ड्रोनमधून अंगाची उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं मोजता येतं, आणि एखाद्या उद्यानापुरतं तसं करतातही. पण सूचिपर्णी झाडांच्या दाट छताखाली बसलेलं हरीण वरून दिसत नाही, आणि महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं मोठं राज्य असं पिंजून काढायचं तर खर्च परवडत नाही.

तेव्हा खात्याच्या हाती खात्रीची वस्तू एकच उरते, ती म्हणजे शिकार झालेलं हरीण. प्रत्येक शिकाऱ्याला आपलं हरीण नोंदवावंच लागतं. २०१५ पर्यंत त्यासाठी हरीण गाडीवर टाकून नोंदणी केंद्रावर न्यावं लागे. हे केंद्र म्हणजे गावातला बार, नाहीतर पेट्रोल पंप. तिथे खात्याचा माणूस किंवा विद्यापीठातली मुलं कुडकुडत उभी असत आणि हरणाचा जबडा उघडून बघत.

जबड्यात काय असतं? या हरणाची पाडसं मे-जूनमध्ये, थोड्या दिवसांच्या अंतरानं जवळजवळ एकदमच जन्मतात. म्हणून नोव्हेंबरात प्रत्येक हरीण एक तर सहा महिन्यांचं असतं, नाहीतर दीड वर्षाचं, नाहीतर अडीच वर्षांचं. मधलं काही नाही. तिसरी उपदाढ दुधाची असेपर्यंत तिला तीन उंचवटे असतात, ती पडून पक्की आली की दोनच. हा बदल साधारण दीड वर्षाच्या आसपास होतो. म्हणजे झिजलेली तीन उंचवट्यांची दाढ किंवा नुकती आलेली पांढरीशुभ्र दोन उंचवट्यांची दाढ दिसली, की ते दीड वर्षाचं. दातांवरून वय सांगायची ही रीत १९४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेव्हरिंगहाऊस या संशोधकानं मांडली, आणि आजही तीच चालते. म्हातारी हरणं दातांच्या झिजेवरून ओळखतात, पण ते अंदाजपंचे. खात्रीच हवी असेल तर पुढचा दात काढून प्रयोगशाळेत पाठवतात. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडातल्यासारखी वर्षागणिक वलयं दिसतात.

आता खरी गंमत. या पद्धतीचं नाव लिंग-वय-शिकार पद्धत, इंग्रजी आद्याक्षरांवरून एसएके. एक काल्पनिक काउंटी घेऊन मी ती मांडून दाखवतो. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

या काउंटीत हंगामात दीड वर्षावरचे २,००० नर नोंदले गेले. त्यांच्यात दीड वर्षाचेच, म्हणजे पहिल्यांदा शिंगं आलेले, ६० टक्के निघाले. नरांची संख्या वर्षानुवर्षं साधारण स्थिर असेल, तर जितके नर दरवर्षी मरतात तितकेच नवे तरुण त्यांची जागा घेतात. म्हणून तरुणांचं प्रमाण ६० टक्के असेल, तर वर्षाला मरणाऱ्यांचं प्रमाणही ६० टक्केच असणार. एखाद्या कारखान्यात दरवर्षी शंभरांतले साठ कामगार नवे दिसले, तर साठ सोडून गेले हे कोणी न सांगताही कळतं, तसंच.

हे साठही काही सगळे गोळीनं मरत नाहीत. काही गाडीखाली येतात, काही लांडग्याच्या तोंडी जातात, काही जखमी होऊन झुडपात मरतात आणि नोंदीत येतच नाहीत. समजा साठांपैकी पन्नास नोंदणीत आले. म्हणजे नोंदलेले २,००० हे एकूण नरांच्या निम्मे, आणि हंगामाआधी नर होते ४,०००.

नरांतले तरुण किती? चार हजारांचे ६० टक्के, २,४००. पाडसांत नर-मादी जवळपास सारख्याच जन्मतात, तेव्हा दीड वर्षाच्या माद्याही साधारण २,४०० धरल्या. मारलेल्या माद्यांमध्ये दीड वर्षाच्या ४० टक्के निघाल्या, कारण माद्या कमी मारल्या जातात आणि जास्त जगतात. २,४०० हे ४० टक्के, तर एकूण माद्या ६,०००. उन्हाळ्यात लोकांनी पाहिलेल्या हरणांवरून दर मादीमागे एक पाडस धरलं, तर पाडसं ६,०००. बेरीज सोळा हजार. एकही जिवंत हरीण न मोजता!

मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा त्रैराशिकाचा इतका चांगला उपयोग शाळेत कोणी का सांगितला नाही, असं वाटलं होतं. मग त्यातली भोकं दिसू लागली. पद्धत गृहीत धरते की शिकारी दरवर्षी सारखेच वागतात. पण हल्ली बरेच शिकारी लहान शिंगांचा नर सोडून देतात, अजून दोन वर्षांनी डौलदार होईल म्हणून. मग शिकारीतलं तरुणांचं प्रमाण घटतं आणि सूत्राला वाटतं, मृत्यूच कमी झाले. पहिल्या शनिवारी पाऊस लागला, मक्याची कापणी लांबली, तरी शिकार कमी होते. हरणं तितकीच असतात, कागदावर मात्र घटतात. शिवाय एका काउंटीतून तपासलेले जबडे थोडेच असतील तर टक्केवारी डळमळते. राज्यभराचा आकडा बराच भरवशाचा, एका काउंटीचा त्याहून कमी, आणि "माझ्या चाळीस एकरांत किती?" या प्रश्नाला तर उत्तरच नाही. शिकाऱ्याला नेमकं तेच विचारायचं असतं.

आता नोंदणी फोनवर किंवा संकेतस्थळावर होते. शिकाऱ्यांची सोय झाली, पण पंपावर आपोआप मिळणारे जबडे गेले. आता खात्याची माणसं ते मांस कापून देणाऱ्यांच्या दुकानांत जाऊन बघतात.

लेंड्या, बर्फ आणि आपला चितळ

एका आकड्यावर कोणी विसंबत नाही, चार बाजूंनी पडताळा घेतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लोकांना सांगतात, जाता-येता दिसलेल्या माद्या आणि पाडसं कळवा. २०१६ पासून हजारो स्वयंसेवकांनी झाडांना खात्याचे कॅमेरे बांधलेत. गाडीखाली मेलेल्या माद्यांच्या पोटात किती गर्भ आहेत, हेही काही राज्यं बघत आली आहेत. चांगलं खायला मिळणाऱ्या प्रौढ मादीला सहसा जुळं होतं. शेजारच्या मिशिगननं तर अनेक वर्षं लेंड्या मोजल्या. पानगळीनंतर पडलेली लेंडी पानांच्या वर असते, आधीची पानांखाली. वसंतात बर्फ वितळला की ठरावीक पट्ट्यांत वरच्या लेंड्यांचे ढीग मोजायचे, आणि एक हरीण दिवसाला साधारण तेरा वेळा लेंड्या टाकतं असं धरून भागायचं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पगार देतात ना याचे?"

थंडीचा हिशेब मला सगळ्यात आवडतो, कारण तो कोणीही घरी बसून ठेवू शकतो. १ डिसेंबर ते ३० एप्रिल या काळात ज्या दिवशी जमिनीवर १८ इंच किंवा जास्त बर्फ असेल त्या दिवसाला एक गुण. ज्या दिवशी पारा शून्य फॅरेनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला किंवा खाली गेला, त्यालाही एक. बेरीज ५० च्या आत असेल तर हिवाळा सौम्य, ८० ओलांडली की कडक, १०० च्या वर अतिकडक. कडक हिवाळ्यानंतर उत्तरेतली पाडसं मरतात, माद्या अशक्त पाडसांना जन्म देतात, आणि त्या वर्षीचे परवाने कमी करतात.

आपल्या चितळाला ही सगळी गणितं लावता येतील का, असा मला प्रश्न पडला होता. अडचण अशी की चितळाची वीण वर्षभर चालू असते आणि सगळ्या नरांची शिंगं एका मोसमात गळत नाहीत. "दीड वर्षाचे" असा स्वच्छ गट पडतच नाही, आणि सूत्राचा पायाच निखळतो. हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. १८६८ च्या सुमारास हवाईच्या राजाला भेट म्हणून चितळ पाठवले गेले. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्री नाहीत. आज ते तिथल्या बेटांवर कुरणं फस्त करतात आणि अमेरिकेतल्या एका राज्याच्या डोक्याला ताप होऊन बसलेत.

मादीचा प्रश्न

मिशिगनमध्ये जॉर्ज रिझर्व्ह नावाची कुंपण घातलेली जागा आहे, जेमतेम साडेचारशे हेक्टरांची. १९२८ मध्ये तिथे सहा हरणं सोडली, दोन नर आणि चार माद्या. १९३३ मध्ये माणसांची रांग करून हाकारा घातला आणि मोजली, तर १६० भरली. मोजणीतून काही सुटलीही असतील. सहाची एकशे साठ, पाच-सहा वर्षांत. या प्राण्याचा वेग तो हा.

आणि हा वेग मादीच्या हाती असतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो. वरच्या काल्पनिक काउंटीत आणखी हजार नर मारले, तरी पुढच्या उन्हाळ्यात पाडसं जवळपास तितकीच जन्मतील. हजार माद्या मारल्या तर हजारभर पाडसं कमी. म्हणून खात्याच्या हातातलं खरं नियंत्रण एकच, बिनशिंगी हरणाचे, म्हणजे माद्या-पाडसांचे, परवाने किती द्यायचे. नराचा परवाना प्रत्येकाला एक मिळतो, बिनशिंगीचे परवाने काउंटीगणिक कमी-जास्त होतात. वाढवायचा कळप, तर जवळपास बंद. घटवायचा, तर उदार हस्ते.

कागदावर हे सोपं आहे. पण १९०० च्या आसपास हरीण संपायला आलं होतं, आणि तेव्हापासून दोन पिढ्यांना घरोघरी शिकवलं गेलं की मादीवर गोळी झाडणारा तो नीच. हरणं वाढावीत म्हणून रुजवलेली ही शिकवण हरणं अतोनात वाढल्यावरही गेली नाही.

अतोनात वाढली म्हणजे काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण ॲरिझोनातल्या कायबाब पठाराचं. १९०६ मध्ये तिथे शिकारबंदी झाली, सरकारी माणसांनी कूगर (मोठं रानमांजर) आणि कोयोटी (कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी) शेकड्यांनी मारले. हरणं वाढली, झाडोरा खाऊन संपला आणि १९२० च्या दशकात हजारो उपाशी मेली. नेमकी किती वाढली यावर पुढे अभ्यासकांनी खूप वाद घातला, पाठ्यपुस्तकांत छापलेल्या आकड्यांवर मीही विश्वास ठेवत नाही. पण १९२४ च्या डिसेंबरातला एक प्रयोग मात्र खरोखर घडला. पठारावरची हरणं हाकून ग्रँड कॅन्यनच्या दरीपार न्यायची म्हणून शंभराहून जास्त माणसं, घोडेस्वार आणि गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजवणारे नवाहो आदिवासी, हिमवादळात रांग धरून निघाले. हरणं रांगेच्या फटींतून मागे पळाली. पलीकडे एकही गेलं नाही.

त्याच काळात घडलेला आल्डो लिओपोल्ड हा वनाधिकारी पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचा प्राध्यापक झाला आणि राज्याच्या संवर्धन आयोगावर बसला. उत्तरेतल्या जंगलात हरणं उपाशी मरताना दिसत होती. १९४३ मध्ये आयोगानं बिनशिंगी हरणं मारायला परवानगी दिली. सव्वा लाखांवर हरणं पडली, आणि राज्य पेटलं. निषेधासाठी खास वर्तमानपत्र निघालं, लोकांनी त्या हंगामाला "४३ चा गुन्हा" हे नाव ठेवलं. पुढच्या वर्षी पुन्हा फक्त नर. शास्त्र लिओपोल्डच्या बाजूचं होतं, तरी तो हरला.

पन्नास वर्षांनी तोच डाव वेगळ्या तऱ्हेनं मांडला गेला. १९९६ पासून काही भागांत नियम आला, आधी एक बिनशिंगी हरीण मारा, मगच नर मारायचा हक्क. नर "कमवावा" लागे. कळप घटवायला याइतकं परिणामकारक काहीच निघालं नाही. आणि याइतकं नावडतंही. बारा टोकांच्या शिंगांचा नर वीस पावलांवर उभा आणि आपण हात चोळत बसायचं, हे कोणाला चालेल? २०११ मध्ये विधिमंडळानं कायदा करूनच तो बंद केला. डीएनआरच्या शास्त्रज्ञांना विचारून नव्हे.

किती म्हणजे पुरे?

जंगल किती हरणं पोसू शकतं, हे जीवशास्त्र सांगतं. माणसं किती हरणं सहन करू शकतात, हा वेगळा आकडा आहे आणि तो नेहमी लहान असतो. पेनसिल्व्हेनियात कुंपणं घालून केलेल्या प्रयोगांत चौरस मैलाला वीसच्या वर हरणं गेली की झाडांची रोपं आणि खालच्या झुडपांत घरटी करणारे पक्षी घटतात, असं दिसलं. हरणं मात्र त्याच्या दुपटीतही धडधाकट राहतात. म्हणजे गलेलठ्ठ हरीण दिसलं म्हणून जंगल ठीक आहे, असं होत नाही. विस्कॉन्सिनमधल्या मेनोमिनी आदिवासींच्या जंगलाची हद्द उपग्रहाच्या चित्रात सरळ रेषेसारखी उठून दिसते. आत दाट, बाहेर विरळ. झाडं तोडायची त्यांची संयमी रीत हे एक कारण, आणि आत हरणं कमी हे दुसरं.

शेतकऱ्याला हरणं कमी हवीत. विदर्भात नीलगायींनी आणि रानडुकरांनी पीक लोळवलेलं ज्यानं पाहिलंय त्याला हे समजवायला नको. इथेही नुकसानभरपाई मिळते, पण अट अशी की शेतकऱ्यानं आपल्या जमिनीवर शिकाऱ्यांना येऊ द्यायचं. पंचनामा करून पैसे द्यायचे आणि हरणं तशीच ठेवायची, हे त्यांना पटत नाही. गाडी चालवणाऱ्याला कमी हवीत, कारण अमेरिकेत वर्षाला दहा लाखांहून जास्त टकरी होतात असा विमा कंपन्यांचा अंदाज आहे. शिकाऱ्याला जास्त हवीत. राज्याच्या उत्तर भागात ओजिब्वे जमातींना १८३७ आणि १८४२ च्या करारांनी शिकारीचा हक्क आहे, त्यांचा वाटा वेगळा धरावा लागतो. लांडग्यांचा कोणी परवाना मागत नाही, पण साधारण हजारभर लांडगे आपला वाटा घेतातच.

२०११ मध्ये राज्यपाल स्कॉट वॉकर यांनी टेक्ससहून जेम्स क्रोल नावाच्या तज्ज्ञाला बोलावून सगळ्या पद्धतीची झाडाझडती करायला लावली. त्यांच्या अहवालाचा सूर असा, की सूत्रांवरचा भर कमी करा, स्थानिक लोकांना विचारा. २०१४ पासून प्रत्येक काउंटीत सल्लागार समिती आली. शिकारी, शेतकरी, वन, पर्यटन, रस्ते, सगळ्यांचा एकेक माणूस. तीन वर्षांसाठी एकच शब्द ठरवायचा, वाढवा, टिकवा किंवा घटवा. मग दरवर्षी परवान्यांची संख्या सुचवायची. याशिवाय १९३४ पासून चालत आलेली प्रथा आहेच. एप्रिलमधल्या एका सोमवारी संध्याकाळी सगळ्या ७२ काउंट्यांत एकाच वेळी सभा भरते आणि शिकारीच्या, मासेमारीच्या नियमांवर लोक मत देतात. आपल्या ग्रामसभेत जशी पाण्यावरून भांडणं होतात तशी इथे मादीवरून होतात.

सूत्रात न बसणारा आजार

फेब्रुवारी २००२ मध्ये माऊंट होरेब गावाजवळ आधीच्या हंगामात मारलेल्या तीन हरणांत एक आजार सापडला. नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणाचा क्षयच म्हणा, पण जिवाणूंचा नाही. प्रायॉन नावाची वाकडी घडी पडलेली प्रथिनं मेंदूतल्या चांगल्या प्रथिनांनाही तशीच वाकडी घडी पाडत जातात. मेंदूची चाळण होते. हरीण वर्ष-दीड वर्ष धडधाकट दिसतं, मग लाळ गाळत, हाडं निघालेलं, माणसाला न भिता उभं राहतं. वाचत एकही नाही. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या पिंजऱ्यातल्या हरणांत हे पहिल्यांदा दिसलं, आज तीसहून जास्त राज्यांत आहे.

डीएनआरनं तेव्हा सरळ हिशेब केला, बाधित पट्ट्यातली हरणंच संपवू. शिकाऱ्यांना जास्तीत जास्त परवाने दिले, नेमबाज नेमले. पण जमिनी खासगी होत्या. मालक म्हणाले, आमच्या दारातली सगळी हरणं मारणार? नाही येऊ देणार. काही वर्षांत बेत सोडून द्यावा लागला. नॉर्वेनं २०१६ मध्ये रेनडिअरमध्ये हा आजार सापडल्यावर त्या डोंगराळ भागातला जवळपास दोन हजारांचा कळप खरोखरच नष्ट केला. तिथे उघडा डोंगर होता. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये मक्याची शेतं आणि हजारो मालक. तरी बाकीचे दोष डीएनआरचेच होते, लोकांशी बोलायला ते फार उशिरा गेले, असं मला वाटतं.

मातीत पडलेली प्रायॉन वर्षानुवर्षं टिकतात, उकळून मरत नाहीत. म्हणून बाधित काउंट्यांत हरणांना दाणे टाकायला बंदी आहे. एका ढिगावर दहा तोंडं आली, तर लाळेतून पसरतं. शिकारी हरणाचं मुंडकं रस्त्याकडेच्या खोक्यात टाकून जातो, खातं घशातल्या लसिका ग्रंथी तपासतं आणि निकाल कळवतं. माणसाला हा आजार झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरीण खाऊ नका असाच सल्ला आहे. नैऋत्य भागात शेकडो हरणांना पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात दिसलं, की निरोगी माद्यांपैकी पाचांतल्या चार वर्ष काढतात, आजारी माद्यांपैकी निम्म्यासुद्धा नाहीत. म्हणजे आमच्या त्रैराशिकातला "मृत्यूचा दर" आता एकटा शिकारी ठरवत नाही, आजारही ठरवतो. सूत्राला ते दिसत नाही.

जिथे गोळी चालवता येत नाही तिथलं काय? न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी केली, एकेकाला गुंगी देऊन. बेट आहे, बाहेरून नवे नर फारसे पोहत येत नाहीत, म्हणून तिथे काही साधलं. माद्यांसाठी गर्भनिरोधक लसही २००९ मध्ये मंजूर झालेली आहे. पण मोकळ्या रानातल्या लाखांवर हरणांना पकडून सुई टोचणार कोण?

शेवटी सगळा डोलारा उभा आहे तो नारिंगी जाकिटांवर, आणि ती कमी होताहेत. १९९० च्या सुमारास विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचे जवळपास सात लाख परवाने विकले जात, आता साडेपाच लाखांच्या आसपास. २००० मध्ये विक्रमी सहा लाखांहून जास्त हरणं मारली गेली होती, आता त्याच्या जवळपासही जात नाहीत. शेतीच्या पट्ट्यात परवान्याबरोबर बिनशिंगीचे टॅग, म्हणजे एकेक हरीण मारायच्या चिठ्ठ्या, फुकट मिळतात. मारलेलं हरीण गरिबांच्या अन्नछत्राला देता येतं, कापण्याचा खर्चही माथी येत नाही. तरी माझ्या शेजाऱ्याच्या गाडीच्या कप्प्यात गेल्या हंगामाचे तीन टॅग कोरे पडलेत. विचारलं तर म्हणाला, एक नर मिळाला, फ्रीजर भरला, आता आणखी मारून ठेवू कुठे?